काच बंद ठेवा

त्या घरात तिला सगळे तोफ म्हणायचे. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तिला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते नाव मनातून आवडायचंही. नाव ठेवलं होतं थोरल्या दिरांनी. ते स्वतः कधी आवाज चढवत नसत. ज्यांचा शब्द कोणी मोडत नाही, त्यांना आवाज चढवायची गरजच काय! फळांची बाग त्यांच्या शब्दावर चालायची, घर त्यांच्या शब्दावर चालायचं, आणि तोफ आपली स्वयंपाकघरात धडाडत बसायची.

या वेळी मात्र ती पेटली होती ती उगाच नव्हे. बागेतला जुना छोटा ट्रॅक्टर कायमचा बसला होता. नवा घ्यायचा होता. तो उघडा घ्यायचा की बंद केबिनचा, एवढंच ठरायचं होतं. चालवायचा तिच्या नवऱ्याने, आणि ठरवायचं थोरल्यांनी, जे जन्मात त्या सीटवर बसले नव्हते. इथेच तिचं डोकं फिरायचं.

तिचा नवरा हा मुलखाचा गरीब माणूस. वडिलांनी हाताला धरून ट्रॅक्टरवर बसवलं तेव्हा त्याला मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. तेव्हापासून बागेतली सगळी फवारणी त्याच्याकडे. पुढे ट्रॅक्टर, मागे औषधाची टाकी आणि तिला जोडलेला ब्लोअर, म्हणजे एक मोठा पंखा. तो पंखा बारीक तोंडांच्या नोझलमधून सुटणारं औषध धुक्यासारखं करून झाडांवर फेकतो. झाडांवर फेकतो हे म्हणायला. वारा फिरला की निम्मं धुकं पुढे येतं, आणि पुढे बसलेला असतो हा. तोंडाला लावायचा मुखवटा त्याच्याकडे होता. तो हनुवटीखाली लटकलेला असायचा, कारण तो लावला की चष्म्यावर वाफ धरते आणि ओळ दिसत नाही. तोफेने यावरून किती वेळा घर डोक्यावर घेतलं असेल, त्याची गणती नाही.

रोज सकाळी तो उठला की खोकायचा. आधी बारीक, मग खोल, मग असा की मोरीच्या पत्र्याला कापरं भरावं. घरात त्या खोकल्याला भोंगा म्हणत. "भोंगा झाला, उठा रे!" असं थोरली जाऊ हसत हसत म्हणायची आणि सगळे हसायचे. तोही हसायचा. तोफ हसायची नाही. माणसाची छाती फाटतेय आणि हे लोक त्यावर चहाचं आधण ठेवतात, याचा तिला इतका संताप यायचा की कपबशा तिच्या हातून आपटल्या जायच्या.

डॉक्टरने शेवटी स्पष्टच सांगितलं होतं. छातीच्या फोटोवर बोट ठेवून तो म्हणाला होता, "गेलं ते गेलं. ते परत येत नाही. आता उरलंय ते राखा. हे औषध नाकात जायचं थांबलं पाहिजे." नवऱ्याने शहाण्या मुलासारखी मान हलवली होती. घरी येऊन त्याने थोरल्या भावाला काय सांगितलं, तर म्हणे, "काही विशेष नाही, कफ आहे." तोफेने कपाळावर हात मारून घेतला होता.

तर असा तो ट्रॅक्टर, आणि असा तो ठरवायचा दिवस. पुढच्या खोलीत थोरले आपल्या खुर्चीत बसले होते. नवरा दारात उभा. तोफ आत भाजी निवडत होती, म्हणजे कान बाहेर ठेवून देठं मोडत होती.

"उघडाच घेऊ," थोरले म्हणाले. "केबिनवाला उंच असतो. मांडवाखालून जाणार कसा?"

"हो ना," नवरा म्हणाला.

हा मांडव काय होता ते सांगायला हवं, कारण सगळं घोडं त्याच्यापाशीच अडलं होतं. दोघा भावांच्या वडिलांनी जुनी बाग लावली तेव्हा एक हौस केली. दोन ओळींमधली जी वाट असते, तिच्या दोन्ही बाजूंच्या झाडांच्या एकेक जाड फांद्या त्यांनी वरून ओढून, बांधून, वर्षानुवर्षं वळवून एकमेकींत गुंतवल्या. प्रत्येक वाटेवर फांद्यांचं छतच झालं. फळंही त्याला लगडायची. लांबून लोक बघायला यायचे. फक्त ते छत होतं बुटकं. ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाने मान खाली घातल्याशिवाय तिथून जाता येत नसे. वडील मान घालायचे. मग मुलगा घालू लागला. फांदी आली की वाक, गेली की वर हो, परत वाक. त्याची मान कायमची पुढे झुकली होती, आणि खांदे असे की जणू मागून कोणी टपली मारणार आहे. पुढे पुढे तो दारातूनही वाकून जायला लागला. त्याच्या डोक्याच्या वर हातभर जागा मोकळी असायची, आणि हा वाकायचा. लग्नात तो सरळ होता. तिने पाहिला होता.

ती भाजीची परात घेऊनच बाहेर आली.

"मांडवाची उंची मोजलीत. ह्यांचा खोकला कोणी मोजला का?"

थोरले तिच्याकडे न बघता भावाला म्हणाले, "तिला सांग, फांदी वाकत नसते."

ही त्यांची पद्धत. भावजयीशी सरळ बोलायचं नाही. ती समोर उभी असली तरी "तिला सांग". आणि हा नवरा, देवमाणूस, खरंच सांगायचा. आताही त्याने तिच्याकडे वळून म्हटलं, "फांदी वाकत नाही गं."

"ऐकू आलं मला!" ती ओरडली. "फांदी वाकत नाही, म्हणून माणूस वाकवायचा? बहिरी नाहीये मी!"

परात तिने टेबलावर इतक्या जोरात ठेवली की देठं थोरल्यांच्या मांडीवर उडाली. ती त्यांनी एकेक करून उचलली आणि शांतपणे परातीत परत टाकली. त्या शांतपणाचाच तिला सगळ्यात जास्त राग यायचा.

तरी तिने पाठ सोडली नाही. दुकानात ट्रॅक्टर बघायला जायचं ठरलं तेव्हा ती न विचारता गाडीत जाऊन बसली. दुकान म्हणजे उंच पत्र्याची एक शेड, आत नव्या रंगाचा आणि रबराचा वास. दरवाज्यातून ट्रक जाईल एवढी उंची, आणि तिचा नवरा तिथूनही वाकून आत शिरला. विक्रेत्याने गालातल्या गालात हसल्यासारखं केलं. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो एकदम कॅटलॉग शोधायला लागला.

दोन्ही ट्रॅक्टर शेजारी शेजारी उभे होते. एक उघडा, सीटच्या मागे लोखंडी कमान. दुसरा तोच, पण चारी बाजूंनी काच, वर छप्पर.

"ही कमान बघा साहेब," विक्रेता थोरल्यांना म्हणाला. "ट्रॅक्टर उलटला तर माणूस चेंगरत नाही. आणि झाडं बुटकी असली तर ही अशी मागे दुमडता येते."

"वा," तोफ म्हणाली. "म्हणजे जीव वाचवायला एक कमान दिलीत, तीही आमच्या मांडवासाठी मोडून ठेवायची."

विक्रेत्याने ऐकलं न ऐकल्यासारखं करून केबिनचं दार थोरल्यांसाठी उघडलं. गार हवा लागते, गाणी लागतात, सीट मऊ आहे, असं तो त्यांनाच सांगत राहिला. चालवणारा बाजूला उभा राहून टायरवरून हात फिरवत होता.

"औषध अडतं का आत यायचं?" तिने विचारलं.

"मॅडम, एकदम थंडगार राहतं आत."

"ह्यांना लोण्यासारखं ठेवायचं नाहीये मला. औषध अडतं का, ते सांगा."

तेव्हा कुठे तो ताळ्यावर आला. साध्या जाळीने धूळच अडते, औषधासाठी कोळशाची वेगळी जाळी बसवावी लागते, ती मिळते, वेळच्या वेळी बदलावी लागते आणि काचा पूर्ण बंद ठेवाव्या लागतात, हे सगळं त्याने सांगितलं. तिने ते दोनदा वदवून घेतलं. दुसऱ्यांदा नवऱ्याकडे बोट करून म्हणाली, "ह्यांना सांगा. बसायचं ह्यांना आहे."

थोरल्यांनी अर्थातच मान हलवली नाही. पण विक्रेत्याने आपणहून म्हटलं, की दोन्ही ट्रॅक्टर बागेत आणून दाखवतो, चालवून बघा आणि मग ठरवा. परक्या माणसापुढे नाही कसं म्हणणार? थोरले म्हणाले, आणा.

त्या दिवसांत झाडांवर पांढरी माती मारायची होती. कडक उन्हाने फळं भाजू नयेत म्हणून पांढऱ्या मातीचं पातळ पाणी पानाफळांवर मारतात. ते वाळलं की झाड चुना फासल्यासारखं दिसतं. तोफेच्या डोक्यात ते ऐकताच दिवा लागला. औषधाला रंग नसतो, म्हणून ते कुठे जातं ते कोणाला दिसत नाही. ही माती दिसेल.

ट्रॅक्टर आले ते नव्या बागेत उतरवले, कारण तिथली झाडं लहान होती आणि वर मांडव नव्हता. ब्लोअर आधी उघड्याला जोडला. नवरा सवयीने सीटकडे निघाला, तशी तोफ मध्ये आली.

"भाऊजी, उघडा तुम्हाला पसंत आहे ना? मग तुम्हीच बसा की."

विक्रेता ऐकत होता. बागेतले मजूर ऐकत होते. थोरली जाऊ पदर तोंडाला लावून उभी होती. थोरले गाडी चालवायचे, ट्रॅक्टर चालवला नव्हता, पण असल्या छोट्या ट्रॅक्टरला फार काही लागत नाही. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि चढले.

ते ओळीत शिरले, ब्लोअर घोंगावला, आणि पांढऱ्या ढगात ते दिसेनासे झाले. परत आले तेव्हा ट्रॅक्टर कोण चालवतंय ते कपड्यांवरून ओळखावं लागलं. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या. त्यांनी तोंड उघडलं तर आतून ओठही पांढरे. थोरली जाऊ खो खो हसत सुटली.

"माती आहे," थोरले पुसत म्हणाले. "धुतली की गेली."

"नाकात गेलेली कशी धुणार?" तोफ म्हणाली. त्यांनी रुमालात नाक शिंकरून रुमालाची घाईघाईने घडी केली. तिने तेवढं पाहिलं आणि तिच्या अंगात हत्तीचं बळ आलं. आता जिंकलो, असं तिला वाटलं.

मग ब्लोअर केबिनवाल्याला जोडला आणि नवरा आत बसला. दार लागलं. ओळ संपून तो वळला तेव्हा काचांवरून पांढरे ओघळ वाहत होते. ती पुढे झाली. दार उघडलं. आणि तिचा नवरा खाली उतरला तो पांढराफटक. मान, कान, डोक्याची मागची बाजू, सगळं चुन्यात बुडवल्यासारखं.

मागची काच सताड उघडी होती. त्यानेच उघडली होती.

मग थोरले बोलले, नेहमीच्या शांत आवाजात. "तिला सांग, बघून घे म्हणावं. काचेत बसला तरी पांढरा तो पांढराच." विक्रेत्याकडे वळून ते म्हणाले, "उघडाच पाठवा."

एवढी उठाठेव केली, लोकांत वाईटपणा घेतला, आणि घरच्याच माणसाने पायावर धोंडा पाडून घेतला. तिला त्या क्षणी त्याला बागेच्या तळ्यात बुचकळावंसं वाटलं.

अंगणातल्या नळाखाली तिने त्याला बसवलं आणि मान घासायला घेतली. घासणं कसलं, सोलणंच ते.

"काच का उघडलीत?"

"हळू घास गं."

"काच का उघडलीत ते बोला आधी!"

"ऐकू येत नव्हतं," तो म्हणाला. "एखादं नोझल तुंबलं की ब्लोअरचा आवाज बदलतो. मला तो मागून ऐकावा लागतो. काच लावली की मी बहिरा."

"तेवढ्यासाठी? तेवढ्यासाठी तुम्ही माझं नाक कापलंत?"

तिने त्याच्या कानामागची माती खरवडली. पाणी पांढरं होऊन मोरीकडे वाहत होतं. मग त्याने जे सांगितलं ते इतक्या वर्षांत तो कधी बोलला नव्हता.

"बाबा गेले तेव्हा सगळे काय म्हणाले? वय झालं होतं. म्हणाले ना? भोंगा त्यांचाही होता. तू आलीस तेव्हा तू पण ऐकलायस." त्याने तोंडावरून हात फिरवला. "काच लावून जर माणूस वाचत असेल, तर बाबा वयाने नाही गेले. आणि मग ज्या सीटवर ते खोकत होते, तिच्यावर त्यांनी मला बसवलं कसं? स्वतःच्या हाताने?"

तोफेचा हात थांबला. सासरे तिच्याशी चांगले वागले होते. नवीन लग्न होऊन आली तेव्हा मांडवातलं पहिलं पिकलेलं फळ त्यांनी तिच्या हातात ठेवलं होतं. आता त्या फळाचाही तिला राग आला. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, याचा तर सगळ्यात जास्त आला.

"म्हणून तुम्ही पण तसंच जायचं?" ती म्हणाली. "त्यांची चूक निघू नये म्हणून?"

"चूक म्हणू नकोस."

"चूकच आहे ती! त्यांना कळली नाही, तुम्हाला कळलीय. मग तुमचं काय म्हणायचं?"

त्याने तिच्या हातातला तांब्या घेतला आणि स्वतःच डोक्यावर पाणी ओतून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा झाला. तोफ चुलीपाशी होती. नवरा तिच्यासमोर चहा पीत बसला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. भोंगा थोरल्यांच्या खोलीतून येत होता. आधी बारीक, मग खोल, आणि मध्येच थोरलीचा घाबरा आवाज, "अहो, काय होतंय तुम्हाला?" कोणी हसलं नाही.

तोफ उठली. तिने कोपऱ्यातली छाटणीची करवत उचलली, भिंतीला टेकवलेली शिडी खांद्यावर घेतली आणि जुन्या बागेकडे निघाली. नवरा "अगं, अगं" करत दारापर्यंत आला आणि चपला शोधत राहिला.

पहिल्याच वाटेवर तिने शिडी लावली आणि मांडवाच्या पहिल्या फांदीला करवत घातली. फांदी तिच्या मांडीएवढी जाड होती. करवत अडकायची, ती ओढायची, परत अडकायची. कच्ची फळं टपाटप खाली पडत होती. तिला रडू येत होतं आणि त्या रडण्याचाही राग येत होता, म्हणून ती आणखी जोरात ओढत होती. भुसा डोळ्यांत उडत होता. "वाकत नाहीस काय," ती फांदीला म्हणत होती. "वाकत नाहीस काय!"

आवाज ऐकून थोरले धावत आले. त्यांना कोणी धावताना पाहिलं नव्हतं. भाऊ अजून पोचला नव्हता, त्यामुळे "तिला सांग" म्हणायला कोणी नव्हतं. पहिल्यांदाच ते सरळ तिच्याशी बोलले.

"खाली उतर! बाबांचा मांडव आहे हा! खाली उतर म्हणतो ना!"

आणि आवाज चढवून. ती शिडीवरून त्यांच्याकडे बघतच राहिली.

"नाही उतरत."

"अक्कल गहाण ठेवलीस का? फळाला आलेली बाग! लोक काय म्हणतील, बाबांनी आयुष्य घातलं..." आणि तिथे त्यांना ठसका लागला. त्यांनी बोलायचा प्रयत्न केला, परत ठसका. मग भोंगा सुरू झाला. ते एका हाताने मांडवाची फांदी धरून वाकले आणि खोकत राहिले. शेवटी थुंकले. खाली पडलेल्या हिरव्या फळाशेजारी पांढरा गोळा पडला. दोघांनीही तो पाहिला.

"एक फेरी मारलीत तुम्ही," ती म्हणाली. "एकच. ती पण मातीची."

पुढे बरंच बोलायचं होतं तिला. वर्षानुवर्षं साठलेलं होतं. पण थोरल्यांचं तोंड पाहून तिला ते बोलवेना. ते फांदी धरून उभे होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. खोकल्याने येतं तसंच असेल. त्यांनाही बाबांचा भोंगा आठवला असणार. ते थोरले होते. त्यांनी तर तिच्या नवऱ्यापेक्षा जास्त वर्षं ऐकला होता.

तेवढ्यात नवरा आला. त्याने एकदा भावाकडे पाहिलं, एकदा शिडीकडे. मग वर हात करून तिच्या हातातली करवत धरली. तिने सोडली नाही.

"सोड," तो म्हणाला.

"मी खाली उतरणार नाही. सांगून ठेवते."

"अगं, वरून कापतेस. वजनाने फांदी फाटली की साल खालपर्यंत सोलेल आणि झाड मरेल. आधी खालून थोडी कापायची, मग वरून." तो तिच्याकडे बघत नव्हता. "आणि बुंध्याला लागून नको. इथून. सोड, मी करतो."

तिने करवत सोडली. शिडीवर तो चढला, ती खाली शिडी धरून उभी राहिली. त्याने खालून कापलं, मग वरून, आणि वडिलांनी वळवलेली ती फांदी खाली आली. वर उजेड पडला. थोरल्यांनी वर पाहिलं. मग वाकून त्यांनी एक कच्चं फळ उचललं, खिशात घातलं आणि घराकडे गेले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. पण दुपारी पुढच्या खोलीतून त्यांचा फोनवरचा आवाज आला. "तो उघडा राहू द्या. काचेचा पाठवा. आणि ती कोळशाची जाळी लावून पाठवा."

नवऱ्याने मांडवाच्या बाकीच्या फांद्याही एकेक करून उतरवल्या, आणि ट्रॅक्टर आला. पुढे आल्यागेल्याला थोरले सांगायचे, "मीच म्हटलं, केबिनच घेऊ. तब्येतीपुढे काय आहे?" तोफ आतून ऐकायची आणि भांडी आपटायची. एकदा तर ती पदर खोचून बाहेरच निघाली होती, पण थोरलीने तिचा हात धरला. "जाऊ दे गं," थोरली म्हणाली, "तेवढं त्यांना राहू दे." तोफेने राहू दिलं. राग मात्र राहिलाच. काच येऊन डॉक्टरचं बोलणं बदलणार नव्हतं. गेलं ते गेलंच होतं. हीच काच आधी आली असती तर, हा हिशेब ती कोणाला विचारणार? सकाळचा भोंगा तसाच होत होता. आता त्यावर कोणी "उठा रे" म्हणत नसे, एवढाच फरक.

केबिनमधून पहिल्यांदा खरं औषध मारायचा दिवस आला तेव्हा ती स्वतः बागेत आली. विक्रेत्याने आत दाबाचा काटा बसवून दिला होता, पण नवऱ्याचा त्या काट्यावर काडीचा विश्वास नव्हता. "मग मी बघते नोझल," ती म्हणाली होती. वाऱ्याच्या उलट्या बाजूला, नाकातोंडाला मुखवटा लावून, ती ओळीच्या टोकाला उभी राहिली.

ट्रॅक्टर मोकळ्या झालेल्या वाटेवरून येऊ लागला. वर आता फक्त आभाळ होतं. काचेआड तिचा नवरा दिसत होता, आणि जिथे जिथे फांद्या होत्या तिथे तिथे तो मान खाली घालत होता. घालायचा, वर करायचा, परत घालायचा. तिने मनातल्या मनात सासऱ्यांना, दिरांना, नवऱ्याला, सगळ्यांना एकेक शिवी दिली.

आणि तेवढ्यात तिला दिसलं, डावीकडचं खालचं नोझल तुंबलं होतं. ती ओरडली. मुखवटा खाली ओढून सगळ्या ताकदीने ओरडली. ज्या आवाजाने शेजारची घरं दचकायची, तो आवाज. त्याने तिचं तोंड हलताना पाहिलं. ओळीच्या टोकाला येऊन ब्लोअर बंद केला, कानाला हात लावून मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून. धुकं अजून खाली बसलं नव्हतं. आणि त्याचा हात बाजूच्या काचेच्या कडीकडे गेला.

ती धावली. मुखवटा नाकावर चढवत धावली आणि दोन्ही तळहात काचेवर आपटून तिने ती बाहेरून दाबून धरली. आतून तो ढकलत होता, बाहेरून ती. तिला केवढं बोलायचं होतं. तो तिच्याकडे बघत होता, आणि हळूहळू त्याने कडीवरचा हात काढला.

तिने तोंड मिटलं. एक हात काचेवर तसाच ठेवून दुसऱ्या हाताने तिने डावीकडचं नोझल दाखवलं. त्याने पाहिलं, मान डोलावली, आणि धुकं खाली बसेपर्यंत दोघंही तसेच थांबले, तो आत आणि ती बाहेर.